अनुदानाची अट आणि प्रकाशनाचे मोल : वेलकम ट्रस्टच्या मुक्तद्वार धोरणाचा इतिहास

लंडन येथील वेलकम ट्रस्ट ही वैद्यकीय संशोधनास अर्थसाहाय्य करणारी संस्था होय. १ ऑक्टोबर २००५ पासून तिने आपल्या नव्या अनुदानांस एक अट जोडली. ट्रस्टच्या पैशातून झालेल्या संशोधनावरील जो निबंध तज्ज्ञपरीक्षणानंतर एखाद्या नियतकालिकाने स्वीकारला असेल, त्याची प्रत पबमेड सेंट्रल या सार्वजनिक संग्रहात ठेवली पाहिजे आणि प्रकाशनानंतर उशिरात उशिरा सहा महिन्यांनी ती कोणासही विनामूल्य वाचावयास मिळाली पाहिजे, अशी ती अट होती. ऑक्टोबर २००६ पासून पूर्वी दिलेल्या व अद्याप चालू असलेल्या अनुदानांसही ती लागू झाली. प्रकाशनाच्या बाबतीत अनुदान घेणाऱ्यावर अशी सक्ती करणारी ही जगातील पहिली मोठी संस्था समजली जाते.

या घटनेचा इतिहास बहुधा एका उदात्त तत्त्वाच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. ज्ञान सर्वांचे आहे, प्रकाशकांनी ते कुलपात ठेवले होते, एका संपन्न धर्मादाय संस्थेने ते कुलूप काढले, असा त्या कथेचा सारांश. कथा खोटी नाही. परंतु तिच्यात जमाखर्चाची वही गहाळ आहे. प्रस्तुत निबंधात मुख्यतः त्या वहीकडे पाहावयाचे आहे. वाचकासाठी द्वार उघडले तेव्हा त्याचे मोल कोणी चुकते केले, आणि चुकते करणाऱ्यास त्या मोलाची झळ लागत होती काय, हे विचारल्यावाचून २००५ नंतरच्या वीस वर्षांचा उलगडा होत नाही. इंग्रजीत ज्यास ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात त्यासाठी मी येथे ‘मुक्तद्वार’ हा शब्द योजला आहे. केवळ फुकट वाचावयास मिळणे एवढाच त्याचा अर्थ नसून, वाचलेले पुन्हा छापण्याची, भाषांतरित करण्याची व यंत्राद्वारे तपासण्याची मोकळीकही त्यात अभिप्रेत आहे. या दुसऱ्या अंगाकडे पुढे यावे लागेल.

प्रथम जुनी व्यवस्था. हेन्री ओल्डेनबर्ग याने मार्च १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केले ते स्वतःच्या जबाबदारीवर, आणि त्यातून चार पैसे मिळावेत ही त्याची अपेक्षाही होती. ती फारशी सफल झाली नाही. सोसायटीने नियतकालिकाची आर्थिक व संपादकीय जबाबदारी आपल्याकडे घेतली ती १७५२ साली. पुढे दीर्घकाळ विद्वत्सभांची नियतकालिके ही प्रायः तोट्याची बाब होती. सभासदांची वर्गणी आणि देणग्या यांतून ती चालत. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटले. सरकारे विज्ञानावर अपूर्व खर्च करू लागली, संशोधक वाढले, निबंध वाढले, आणि विद्वत्सभांच्या मंद गतीस तो भार पेलेनासा झाला. ही संधी ज्यांनी ओळखली त्यांत रॉबर्ट मॅक्सवेल हा अग्रणी होता. १९५१ साली त्याने एक लहानशी प्रकाशनसंस्था ताब्यात घेऊन तिला पर्गमॉन प्रेस हे नाव दिले व विज्ञानाच्या प्रत्येक नव्या उपशाखेसाठी एकेक नियतकालिक काढण्याचा सपाटा लावला. १९९१ साली हा सारा व्यवसाय एल्सव्हिअर या डच प्रकाशनसंस्थेकडे गेला.

या व्यवसायाचे अर्थशास्त्र विलक्षण आहे. लेखक मानधन घेत नाही. परीक्षक तज्ज्ञही बहुधा काही घेत नाही. निबंधाचा स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या नावे होतो. नियतकालिक कोणते हवे हे प्राध्यापक ठरवितो, वाचतोही तोच. पैसे मात्र ग्रंथालय भरते. एका नियतकालिकाचे काम दुसऱ्याने भागत नाही, त्यामुळे किंमत वाढली म्हणून ग्राहक दुसरीकडे जाऊ शकत नाही. बाजारात किमतीला लगाम घालणारा माणूस तो असतो, ज्याच्या खिशातून पैसे जातात आणि वस्तूही जो स्वतःच निवडतो. येथे ही दोन कामे दोन निराळ्या माणसांकडे होती. ही फारकत वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे सुधारणेच्या पोटातून ती पुन्हा जन्मास आली.

आता वेलकम ट्रस्टकडे वळू. हेन्री वेलकम याचा जन्म १८५३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात झाला. १८८० साली सायलस बरोज या आपल्या देशबांधवाबरोबर त्याने लंडनमध्ये औषधांची पेढी काढली. ‘टॅब्लॉइड’ हा शब्द त्याच पेढीने १८८४ साली आपल्या औषधी वड्यांसाठी घडविला आणि नोंदविला. पुढे तो वृत्तपत्रांच्या एका जातीस चिकटला. १९३६ साली वेलकम निवर्तला तेव्हा पेढीची संपूर्ण मालकी त्याच्या मृत्युपत्रान्वये विश्वस्तांकडे गेली, आणि नफा वैद्यकीय संशोधनावर व वैद्यकाच्या इतिहासावर खर्च व्हावा असे ठरले. १९८६, १९९२ व १९९५ या तीन टप्प्यांत विश्वस्तांनी पेढीतील आपला हिस्सा विकून टाकला. त्यानंतर ट्रस्टचे उत्पन्न एका धंद्यावर अवलंबून राहिले नाही, आणि त्याचा आकारही पुष्कळ वाढला. परिणाम असा झाला की, १९९५ नंतरची ही संस्था कोणत्याही सरकारची बांधील नव्हती, मतदाराची नव्हती, भागधारकाचीही नव्हती. तिच्या धोरणातील धीटपणाचे श्रेय तिच्या चालकांच्या स्वभावाइतकेच या स्थितीस दिले पाहिजे.

(जाता जाता एक गोष्ट नमूद करतो. वेलकम हा संग्राहक म्हणूनही मोठा होता. त्याच्या वतीने डॉ. पैरा मल यांनी १९११ पासून सुमारे दहा वर्षे हिंदुस्थानात हिंडून हजारो हस्तलिखिते जमविली व लंडनला धाडली. ती वेलकम संग्रहात दाखल झाली. मुक्तद्वाराचा विचार करताना, द्वाराच्या आत काय आहे आणि ते तेथे कसे गेले, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे.)

मुक्तद्वाराची कल्पना ट्रस्टमध्ये प्रकाशनाच्या वाटेने आली नाही. ती आली जनुकांच्या वाटेने. केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे १९९३ साली सुरू झालेले सँगर केंद्र हे मानवी जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या जगातील प्रमुख केंद्रांपैकी एक. त्याचा मुख्य आधार वेलकम ट्रस्ट. फेब्रुवारी १९९६ मध्ये ट्रस्टच्या पुढाकाराने बर्म्युडा बेटावर या क्षेत्रातील शास्त्रज्ञांची बैठक भरली. तेथे जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट वॉटरस्टन यांच्या आग्रहाने असे ठरले की, वाचून जुळविलेला जनुकक्रम चोवीस तासांच्या आत सार्वजनिक संग्रहात ठेवावा. निबंध प्रसिद्ध होईपर्यंत थांबू नये, पेटंटासाठी राखून ठेवू नये. शास्त्रज्ञांच्या जगात ही अपूर्व गोष्ट होती. आपल्या टिपणवहीतील मजकूर रोजच्या रोज चव्हाट्यावर मांडण्यासारखेच ते होते.

मे १९९८ मध्ये या ठरावाची कसोटी लागली. क्रेग व्हेंटर यांनी खाजगी भांडवलाच्या बळावर हाच जनुकसंच तीन वर्षांत वाचण्याची घोषणा केली. ती होताच काही दिवसांतच ट्रस्टने सँगर केंद्राचे साहाय्य जवळजवळ दुप्पट केले आणि मानवी जनुकसंचाचा एक तृतीयांश भाग तेथे वाचला जाईल असे जाहीर केले. सरकारी खात्यास असा निर्णय दिवसांत घेता आला नसता. या झुंजीचा इतिहास अन्यत्र विस्ताराने लिहिला गेला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते एका विसंगतीस. जनुकक्रम त्याच दिवशी जगास खुला होत होता. त्या क्रमाचा अर्थ सांगणारे निबंध मात्र वर्गणीच्या दाराआड जात होते. कच्चा माल फुकट आणि पक्का माल विकत, असा हा प्रकार. तो फार काळ नजरेआड राहणे शक्य नव्हते.

दरम्यान मुक्तद्वाराची चळवळ अन्यत्र उभी राहत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेचे तत्कालीन संचालक हॅरल्ड व्हार्मस यांनी १९९९ साली सर्व जीववैद्यकीय निबंधांचा एक सार्वजनिक संग्रह उभारण्याची योजना मांडली. प्रकाशकांच्या विरोधामुळे तिचा संकोच होऊन २००० साली पबमेड सेंट्रल अस्तित्वात आले. बुडापेस्ट येथील चर्चेतून फेब्रुवारी २००२ मध्ये एक जाहीरनामा निघाला. २००३ साली बेथेस्डा व बर्लिन येथून आणखी दोन. जाहीरनाम्यांवर सह्या पुष्कळ झाल्या. सह्या करणाऱ्यांनी आपले पुढचे निबंध मात्र बहुधा जुन्याच नियतकालिकांकडे पाठविले, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे: नेमणूक, बढती व अनुदान ही सारी त्या नियतकालिकांच्या नावांवर ठरत होती.

वेलकम ट्रस्टने याच सुमारास एक निराळी गोष्ट केली. तिने हिशेब मागविला. वैज्ञानिक प्रकाशनाच्या अर्थकारणावर तिने दोन अहवाल करविले, एक २००३ साली आणि दुसरा २००४ साली. दुसऱ्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, चांगल्या प्रतीच्या वर्गणीच्या नियतकालिकात एका निबंधामागे सुमारे २,७५० डॉलर खर्च येतो, आणि वाचकांऐवजी लेखकाच्या बाजूने पैसे घेण्याच्या पद्धतीत तोच खर्च सुमारे १,९५० डॉलरवर येऊ शकतो. म्हणजे जवळजवळ तीन दशांश बचत. २००३ मध्ये संचालकपदी आलेले मार्क वॉलपोर्ट यांच्या हाती हा अहवाल म्हणजे मोठेच शस्त्र होते. संशोधनावर लक्षावधी पौंड खर्च करणाऱ्या संस्थेने त्याचे फळ लोकांच्या हाती देण्यासाठी त्या मानाने अल्पसा भार का उचलू नये, हा त्यांचा युक्तिवाद होता. प्रकाशन हा संशोधनाचाच शेवटचा टप्पा आहे, म्हणून त्याचा खर्च हा संशोधनाचा खर्च होय, हे सूत्र येथून रूढ झाले. सूत्र बिनतोड दिसते. परंतु अहवालातील आकडा हा खर्चाचा होता, किमतीचा नव्हे. खर्च कमी झाला तर किंमत आपोआप कमी होईल हे गृहीत धरले गेले होते. हे गृहीतक कोणी तपासले असते तर बरे झाले असते.

ट्रस्ट हे करीत असता दोन सरकारे त्याच वाटेवर येऊन मागे फिरली, हे पाहण्याजोगे आहे. ब्रिटिश लोकसभेच्या विज्ञान-तंत्रज्ञान समितीने जुलै २००४ मध्ये आपल्या अहवालात शिफारस केली की, सरकारी पैशातून झालेले संशोधन विद्यापीठांच्या संग्रहांत विनामूल्य ठेवण्याची सक्ती करावी. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ती मानण्याचे नाकारले. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने राष्ट्रीय आरोग्यसंस्थेस असेच सुचविले होते. प्रत्यक्षात मे २००५ पासून तेथे जे धोरण अमलात आले त्यात सहा महिन्यांचे बारा महिने झाले होते आणि सक्तीची विनंती झाली होती. विनंतीचे फळ काय? पहिल्या काही महिन्यांत पात्र निबंधांपैकी शेकडा चारांहूनही कमी संग्रहात आले. अखेर डिसेंबर २००७ मध्ये कायदा करावा लागला आणि ७ एप्रिल २००८ पासून ती विनंती आज्ञा झाली. अमेरिकेतील विद्वान तत्त्वतः मुक्तद्वाराच्या विरुद्ध होते असे यावरून म्हणता येत नाही. ते कामात होते, एवढेच. विनंतीस उत्तर न देणे हे सर्व देशांतील विद्वानांचे सारखेच लक्षण असावे.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २००५ ची अट पाहिली म्हणजे तिचे वेगळेपण ध्यानात येते. विरोध झाला नाही असे नव्हे. ज्या रॉयल सोसायटीच्या छत्राखाली वैज्ञानिक नियतकालिक जन्मास आले, त्याच सोसायटीने नोव्हेंबर २००५ मध्ये एक निवेदन काढून अनुदानसंस्थांना सबुरीचा सल्ला दिला. घाईने केलेल्या सक्तीमुळे विद्वत्सभांची नियतकालिके बुडतील आणि त्यांच्या उत्पन्नावर चालणारी परिषदा-व्याख्याने बंद पडतील, असे तिचे म्हणणे होते. सोसायटीच्याच काही सदस्यांनी याविरुद्ध उघड पत्र लिहिले. सोसायटीची भूमिका स्वार्थाची होती असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. ते अंशतः खरेही होते, कारण नियतकालिकांचे उत्पन्न तिच्या अंदाजपत्रकात येत होते. परंतु तिच्या शंकेत एक खरी गोष्ट होती. पैसा वाचकाकडून येणार नसेल तर तो कोठून येणार, आणि लहान सभांना तो मिळेल काय, हा प्रश्न तिने विचारला. त्यास दिलेले उत्तर अपुरे होते.

ते उत्तर असे. ट्रस्टने संशोधकास नियतकालिकाच्या निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य ठेवले. निबंध कोठेही छापावा. नियतकालिक मुक्तद्वार असेल किंवा शुल्क घेऊन तो एक निबंध मोकळा करीत असेल, तर शुल्क ट्रस्ट देईल. ज्या विद्यापीठांकडे ट्रस्टची अनुदाने अधिक होती, त्यांस या कामी २००६ पासून एकत्रित रकमा मिळू लागल्या. जानेवारी २००७ मध्ये ट्रस्टच्या पुढाकाराने ब्रिटनचा स्वतंत्र संग्रह सुरू झाला. नोव्हेंबर २०१२ पासून त्यास युरोप पीएमसी म्हणतात. विद्वानाच्या स्वातंत्र्यास हात लावला नाही, म्हणून विद्वान शांत राहिले. प्रकाशकाच्या उत्पन्नासही हात लावला नाही. स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने जुलै २००४ मध्येच ३,००० डॉलर घेऊन वर्गणीच्या नियतकालिकातील एखादा निबंध मुक्त करण्याची सोय काढली होती; लवकरच इतर मोठ्या प्रकाशकांनीही तसेच केले. अशा नियतकालिकांस मिश्र नियतकालिके म्हणतात. त्यांत ग्रंथालय वर्गणी भरतेच, आणि त्याच अंकातील काही निबंधांसाठी अनुदानसंस्था शुल्कही भरते.

जुन्या व्यवस्थेतील जी फारकत वर सांगितली ती येथे नव्या वेषात परत आली. तेव्हा नियतकालिक निवडीत होता प्राध्यापक आणि पैसे भरीत होते ग्रंथालय. आता नियतकालिक निवडीत होता लेखक आणि पैसे भरीत होता ट्रस्ट. दोन्ही वेळी निवडणाऱ्यास किंमत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वाचकाचे कुलूप निघाले हे खरे. पण ज्याने कुलूप घातले त्यालाच ते काढण्याची मजुरी देण्यात आली, आणि मजुरीचा दर त्यानेच ठरवावा अशी मुभा राहिली.

प्रारंभी हे कोणाच्या ध्यानात आले नाही, कारण पहिली अडचण निराळीच होती. अट पाळलीच जात नव्हती. २०१२ साली, म्हणजे अट घातल्यावर सात वर्षांनी, ट्रस्टच्या अनुदानावरील निबंधांपैकी केवळ शेकडा ५५ निबंध अटीप्रमाणे उपलब्ध होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये ट्रस्टने दंडाची व्यवस्था जाहीर केली. अनुदानाचा अखेरचा हप्ता, जो एकूण रकमेच्या एक दशांश असे, तो सर्व निबंध संग्रहात आल्याशिवाय मिळणार नाही. आणि अटीप्रमाणे न ठेवलेले निबंध पुढील अर्जात संशोधकाची कामगिरी म्हणून धरले जाणार नाहीत. या दुसऱ्या तरतुदीचा धाक पहिलीहून मोठा होता असे मला वाटते. विद्वानाचे पैसे अडविले तर तो विद्यापीठाच्या लेखाधिकाऱ्याकडे बोट दाखवितो. त्याचा निबंध मोजला नाही तर तो स्वतः जागा होतो.

एप्रिल २०१३ पासून आणखी एक पाऊल टाकण्यात आले. ज्या निबंधासाठी ट्रस्ट शुल्क देईल तो असा परवाना घेऊन निघाला पाहिजे की, लेखकाचा नामनिर्देश करून कोणीही त्याचा हवा तसा उपयोग करू शकेल. प्रारंभी सांगितलेले मुक्तद्वाराचे दुसरे अंग ते हेच. त्याच वर्षी इतिहास व समाजशास्त्र यांतील ग्रंथांसही हे धोरण लागू करण्याचे ठरले, कारण वैद्यकाच्या इतिहासास साहाय्य करणे हे ट्रस्टचे जुने कर्तव्य आहे. या धोरणाखाली निघालेला पहिला ग्रंथ म्हणजे आया होमेई व मायकेल वॉरबॉइज यांचा, ब्रिटन व अमेरिका येथील बुरशीजन्य रोगांच्या इतिहासावरील. निबंधांच्या गर्दीत ग्रंथांची ही बाजू विसरली जाते. आपल्या विषयातील विद्यार्थ्यांना तीच अधिक जवळची वाटेल.

दंड बसताच निबंध येऊ लागले, आणि देयकेही येऊ लागली. २०१४ साली ट्रस्टने निबंधागणिक दिलेल्या शुल्काची यादी प्रसिद्ध केली. ती चाळणाऱ्यांस असे दिसून आले की, ज्यांचे पैसे चुकते झाले होते असे काही निबंध अजूनही दाराआड होते, आणि काहींच्या वाचनासाठी दाम मागितला जात होता. चुका उघड झाल्यावर त्या सुधारण्यात आल्या व काही ठिकाणी पैसेही परत करावे लागले. परंतु यादीतील अधिक महत्त्वाची गोष्ट चुकांत नव्हती. या दशकाच्या मध्यास ट्रस्टने आपल्या व सहकारी संस्थांच्या खर्चाचे जे पृथक्करण केले त्यात मिश्र नियतकालिकांचे सरासरी शुल्क सुमारे २,१०० पौंड आढळले, तर पूर्णतः मुक्तद्वार नियतकालिकांचे सुमारे १,४०० पौंड. ज्या नियतकालिकाचे अन्य उत्पन्न आधीच चालू होते तेच अधिक महाग होते. २००४ च्या अहवालातील बचतीचे स्वप्न या दोन आकड्यांशी ताडून पाहावे.

ट्रस्टने स्वतः प्रकाशक होऊनही पाहिले. अमेरिकेतील हॉवर्ड ह्यूज संस्था आणि जर्मनीतील माक्स प्लांक संस्था यांच्यासमवेत तिने २०१२ साली ‘ईलाइफ’ हे नियतकालिक काढले. आरंभी लेखकाकडून काहीही घेतले जात नव्हते. २०१७ पासून २,५०० डॉलर शुल्क सुरू झाले. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘वेलकम ओपन रिसर्च’ हे व्यासपीठ सुरू झाले. तेथे निबंध आधी प्रसिद्ध होतो व परीक्षण मागाहून, नावानिशी आणि उघडपणे होते. हे व्यासपीठ चालविण्याचे काम एफ१००० रिसर्च या संस्थेकडे होते. जानेवारी २०२० मध्ये ती संस्थाच टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकाने विकत घेतली.

हे सारे ब्रिटनमध्ये चालले असता भारताचा याच्याशी संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट सरळ आहे. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांनी मिळून २००८ साली ‘इंडिया अलायन्स’ ही संस्था स्थापिली, आणि तिच्या अनुदानांबरोबर मुक्तद्वाराची अटही येथे आली. डिसेंबर २०१४ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग व विज्ञान-तंत्रज्ञान विभाग यांनी आपले संयुक्त धोरण जाहीर केले. त्याचा भर शुल्क भरण्यावर नसून, संशोधकाने आपली प्रत संस्थेच्या संग्रहात ठेवावी यावर होता. धोरण शहाणपणाचे होते. हप्ता अडविण्याची तरतूद मात्र त्यामागे नव्हती.

दुसरी वाट मुंबईतून जाते आणि ती २००५ च्या अटीहून जुनी आहे. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाच्या संस्थेचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक १९५५ पासून निघते. या शतकाच्या आरंभी ते महाजालावर वाचकांस विनामूल्य मिळू लागले आणि लेखकाकडूनही शुल्क घेतले जात नसे. मुंबईच्याच ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने हा प्रकार भारतातील अनेक वैद्यकीय सभांच्या नियतकालिकांसाठी राबविला: छापील अंकाची वर्गणी, जाहिराती आणि सभांचे साहाय्य यांवर खर्च निभवावयाचा आणि महाजालावरील वाचन खुले ठेवावयाचे. लंडनमध्ये वाचकाचे मोल लेखकाच्या नावे कसे वळवावे याचा खल चालू असता, परळला दोघांकडूनही काही न घेता अंक निघत होता. ही पद्धत अल्पखर्ची होती आणि तिच्यात संपादकांचे श्रम बिनमोल धरलेले होते, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि २००३–०४ च्या त्या दोन अहवालांची मांडणी वाचकाने द्यावे की लेखकाने द्यावे या दोन पर्यायांभोवतीच फिरते. हा तिसरा पर्याय त्यांच्या चर्चेच्या केंद्रात नाही. २०११ साली मेडनो ही संस्था वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय प्रकाशकाकडे गेली.

युरोपातील अकरा राष्ट्रीय अनुदानसंस्थांनी ४ सप्टेंबर २०१८ रोजी ‘प्लॅन एस’ नावाची संयुक्त योजना घोषित केली. नोव्हेंबरात वेलकम ट्रस्ट व अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठान तीत सामील झाले. ट्रस्टचे त्यानुसार बदललेले धोरण १ जानेवारी २०२१ पासून लागू झाले. सहा महिन्यांची मुदत गेली. निबंध प्रकाशनाच्या दिवशीच खुला हवा. मिश्र नियतकालिकांचे सुटे शुल्क देणे बंद झाले. लेखकाने आपल्या हस्तलिखितावरील हक्क राखूनच ते प्रकाशकाकडे द्यावे, म्हणजे प्रकाशकाची संमती असो वा नसो, प्रत संग्रहात ठेवता येईल, अशी तजवीज करण्यात आली. २००५ साली प्रकाशकाच्या सोयीने चालणाऱ्या संस्थेने सोळा वर्षांनी त्याच्या हक्कावरच बोट ठेवले. वर्गणीतून मुक्तद्वाराकडे हळूहळू वळू पाहणाऱ्या नियतकालिकांना दिलेली सवलत तेवढी राहिली होती. तिचा खर्च देण्याचे २०२४ च्या अखेरीस थांबले. गेट्स प्रतिष्ठान याहून पुढे गेले. १ जानेवारी २०२५ पासून ते कोणत्याही नियतकालिकास लेखकशुल्क देत नाही. परीक्षणापूर्वीचा मसुदा सर्वांसाठी खुला करणे एवढे मात्र ते आपल्या संशोधकांकडून सक्तीने घेते.

अर्थात ट्रस्टच्या अनुदानावरील संशोधकाची जी सोय झाली ती अनुदान नसलेल्याची झाली नाही. आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील अध्यापकास आज युरोप पीएमसीवर लक्षावधी निबंध वाचावयास मिळतात. २०००च्या आधी हे त्याच्या कल्पनेतही नव्हते, आणि हे ऋण त्या अटीचे आहे. परंतु त्याच नियतकालिकांत आपला निबंध द्यावयाचा झाला तर त्याच्यापुढे दोन-अडीच हजार डॉलरचे शुल्क उभे राहते, आणि सवलत मिळावी म्हणून अर्ज करावा लागतो. वाचनाचे दार त्याच्यासाठी उघडले त्याच हालचालीत लेखनाचे दार जड झाले.

भारत सरकारने या पेचातून निराळाच मार्ग काढला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शिक्षण व संशोधन संस्था असा तिचा व्याप आहे. ज्या जानेवारीत गेट्स प्रतिष्ठानाने प्रकाशकांस शुल्क देणे थांबविले त्याच महिन्यात भारताने साऱ्या देशाची वर्गणी भरावयास प्रारंभ केला. सरकारी महाविद्यालयातील वाचकास याचा लाभ तत्काळ आहे. संस्थेबाहेरच्या संशोधकास, निवृत्त अध्यापकास किंवा खेड्यातील डॉक्टरास ती यादी अजून बंद आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणास या विषयावर काम करावयाचे असल्यास साधन हाताशी आहे. वेलकम ट्रस्टने २०१२–१३ पासून काही वर्षांच्या शुल्काच्या याद्या जशाच्या तशा प्रसिद्ध केल्या आहेत: निबंधाचे नाव, नियतकालिक, प्रकाशक आणि दिलेली रक्कम, अशा ओळीमागून ओळी. पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्द वाचण्याची ज्यास सवय आहे, त्यास त्या वाचणे जड जाऊ नये.